मालाडहून नाशिकला राहायला येताना वीज आणि गॅसचं काय करायचं?

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही राहिलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. मालाडच्या तुमच्या स्वतःच्या घरात तुम्ही अदानीची वीज सोडून टाटाची घेतली होती आणि बिल कमी आलं होतं. ते घर आता विकताय. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रीसेलचा फ्लॅट ठरलाय, खरेदीखत तीन आठवड्यांवर आलंय. तिथल्या वीजबिलावर मात्र विकणाऱ्याचं नावच नाही, त्याच्याही आधीच्या मालकाचं आहे. नाशिकला कोणती वीज कंपनी स्वस्त पडेल, बदल कसा करायचा आणि सासऱ्यांच्या नावावरचा गॅस इकडे कसा आणायचा, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी नाशिकमध्ये 24 वर्षं परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम करतोय. वायरिंग, लोड वाढवणं, नवीन मीटर, नावात बदल हीच रोजची कामं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं: नाशिकला घरगुती विजेसाठी कंपनी निवडता येत नाही. मात्र बिलावरच्या नावाबद्दल तुम्ही जे जाता जाता लिहिलंय, खरी अडचण तिथे आहे. तीन आठवड्यांत तुमचा वेळ त्यात गेला पाहिजे.

आधी निवडीचं सांगतो. मुंबई उपनगरात एकाच भागात वीज विकण्याचे परवाने दोन कंपन्यांकडे आहेत. टाटा पॉवरला घरगुती ग्राहकांना थेट वीज देता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला आणि त्यानंतर लोक इकडून तिकडे जाऊ लागले. बऱ्याच घरांत तारा जुन्याच कंपनीच्या राहिल्या, फक्त वीज आणि बिल दुसऱ्या कंपनीचं आलं. महाराष्ट्रात इतरत्र बहुतेक ठिकाणी तसं नाही. नाशिकला गंगापूर रोड असो, सिडको असो की देवळाली कॅम्प, वीज महावितरणचीच. आपल्या जिल्ह्यात मालेगावला वितरणाचं काम खासगी फ्रँचायझीकडे आहे, पण तिथल्या ग्राहकालाही दुसरी कंपनी निवडता येत नाही आणि दर महावितरणचेच लागतात. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवून देतो. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र गावाच्या इतकं जवळ, म्हणून नाशिकला वीज स्वस्त असेल असं बाहेरून येणाऱ्या अनेकांना वाटतं. तिथली वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते, आपल्या दराशी तिचा थेट संबंध नाही.

म्हणजे बिल कमी करायचं तर ते वापरातूनच. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात आणि 100 च्या पुढे दर चांगलाच चढतो. मालाडला एसी जेवढा चालतो तेवढा इथे चालत नाही, एप्रिल-मेचा उन्हाळा सोडला तर रात्री पंख्यावर भागतं. उलट डिसेंबर-जानेवारीत गिझर वाढतो. 2 किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला 30 युनिट होतात. इथल्या बऱ्याच इमारतींच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर असतो. तुमच्या फ्लॅटला त्याची लाइन आहे का आणि ती चालू आहे का, हे विकणाऱ्याला नक्की विचारा. बोअरच्या जड पाण्याने त्या नळ्या क्षार साठून बंद पडलेल्या मी पुष्कळ पाहिल्यात.

आता मूळ मुद्दा. वीजजोडणी माणसाच्या नावावर असली तरी थकबाकी जागेला चिकटते. आधीच्या मालकाची थकबाकी नवीन मालकाकडे येऊ शकते, असं आयोगाच्या वीजपुरवठा संहितेतच आहे. वारस सोडून इतरांच्या बाबतीत ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या बिलांपुरती ठेवलीय. अशी वसुली नियमांत असेल तर कंपनी ती करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानेही मे 2023 मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे ‘ते आधीच्या माणसाचं आहे, माझा काय संबंध’ हे उत्तर खिडकीवर चालत नाही. सहा महिन्यांच्या वर मागणी आली तर संहितेतल्या या तरतुदीवर बोट ठेवून लेखी हरकत घ्यायची. पण त्या वळणावर जायची वेळच येऊ नये, एवढी काळजी खरेदीखताच्या आधी घेता येते.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जोडप्याने शेजारशेजारचे दोन वन बीएचके मिळून एक केलेला फ्लॅट घेतला. बिल बघून द्या म्हणून त्यांनी मला बोलावलं. चालू मीटरचं बिल पाहिलं, थकबाकी शून्य होती, मी ‘ठीक आहे’ म्हटलं. दोन फ्लॅट जोडले गेले तेव्हा दुसऱ्या फ्लॅटचं मीटर कायमचं बंद झालं होतं आणि त्यावर बाकी राहिली होती, हे मी विचारलंच नाही. पुढे लोड वाढवायला अर्ज केला तेव्हा त्याच पत्त्यावरची ती जुनी बाकी वर आली. त्या घरात नुकतं बाळ झालं होतं. त्या दिवसांत त्यांना जो त्रास झाला तो माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: या जागेत आजवर किती मीटर होते, आणि त्यातलं कुठलं पीडी झालंय का? पीडी म्हणजे कायमस्वरूपी खंडित केलेली जोडणी. तुम्हीही हा प्रश्न विकणाऱ्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला वेगवेगळा विचारा. जुनी बाकी निघालीच तर अभय योजना चालू आहे का ते पाहा. 2024 ची योजना अशाच पीडी ग्राहकांसाठी होती आणि तीत व्याज व विलंब आकार माफ होत होता. अशा योजनांना मुदत असते, म्हणून तेवढ्या भरवशावर व्यवहार करू नका.

विकणाऱ्याकडून शेवटच्या सहा महिन्यांची बिलं मागा. बिलावर 12 आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो महावितरणच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर टाकून आजची बाकी स्वतः बघा, दाखवलेल्या कागदावर थांबू नका. बिलावर काय वाचायचं ते सांगतो. ‘दर संकेत’, म्हणजे बिल कोणत्या वर्गाच्या दराने लागतंय ते, घरगुती आहे ना, हे पहिलं. आधीच्या मालकाने त्या फ्लॅटमध्ये क्लास किंवा पार्लर चालवलं असेल आणि मीटर घरगुतीच ठेवलं असेल, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली तपासणी होऊन वाढीव आकारणी लागू शकते. शेजाऱ्यांशी दोन वाक्यं बोललात की हे कळतं. मग ‘मंजूर भार’, म्हणजे लोड, मग ‘सुरक्षा ठेव जमा’. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागील आणि चालू रीडिंग. फ्लॅट बरेच महिने बंद असेल तर रीडिंगच्या जागी ‘लॉक’ किंवा तत्सम शेरा असतो आणि बिल सरासरीने आलेलं असतं. अशी चार-पाच बिलं लागोपाठ दिसली तर खरं रीडिंग घेतल्यावर फरकाची रक्कम येणार हे धरून चाला. तो फरक विकणाऱ्याचा आहे. खरेदीखताच्या आधी खरं रीडिंग घ्यायला लावून त्याच्याकडूनच भरून घ्या. साठलेले युनिट एका महिन्यात धरून वरच्या टप्प्याचा दर लावलाय का, हेही तपासा. ते युनिट जितक्या महिन्यांचे असतील तितक्या महिन्यांत वाटून टप्पे लागले पाहिजेत.

यानंतर एक पाच मिनिटांचं काम आहे, जे बहुतेक लोक करत नाहीत. इमारतीच्या मीटर पॅनेलवर जा आणि बिलावरचा मीटर क्रमांक त्या मीटरवर छापलेल्या क्रमांकाशी जुळवा. मग फ्लॅटमधला मेन स्विच बंद करा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे. मेन चालू करून गिझर लावा, दिवा भरभर लुकलुकला पाहिजे. तसं झालं नाही तर तुमच्या घराला जोडलेलं मीटर वेगळंच आहे. पॅनेलचं काम करताना दोन फ्लॅटच्या वायरींची अदलाबदल होते आणि वर्षानुवर्षं एक जण दुसऱ्याचं बिल भरत राहतो. इंदिरानगरच्या एका इमारतीत मला असे दोन फ्लॅट सापडले होते. एकात आजी एकट्या राहायच्या, दुसऱ्यात पाच माणसं आणि दोन एसी. आजींना वाटायचं आपलाच फ्रिज जुना झालाय.

आता नावाचं. तुमच्या बाबतीत साखळी अशी आहे: बिलावर पहिला मालक, त्याच्याकडून घेणारा दुसरा, आणि तुम्ही तिसऱ्या. सरळ रस्ता असा की ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याचं संमतिपत्र घ्यायचं. पहिला मालक सापडणं अवघड असेल, पण त्याने अडत नाही. संमतिपत्र नसेल तर जागेच्या मालकीचा पुरावा चालतो, अशी संहितेत तरतूद आहे. म्हणजे तुमचं नोंदणीकृत खरेदीखत आणि इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा सरकारी उतारा. सोबत आधार, पॅन आणि ताजं भरलेलं बिल ठेवा. अर्ज ऑनलाइन करता येतो. पुढच्या एक-दोन बिलांत नाव बदलून आलं पाहिजे. साखळीतलं मधलं खरेदीखत, म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याला झालेलं, त्याचीही प्रत विकणाऱ्याकडून मागून घ्या. गृहकर्जासाठी बँक ते मागेलच, इथेही कामाला येतं.

फरक पडतो तो सुरक्षा ठेवीत. संमतिपत्र असेल तर जुनी ठेव तुमच्या नावावर वळवता येते. नसेल तर ती जुन्या ग्राहकाची राहते आणि तुमच्याकडून नवीन ठेव घेतली जाते. महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते. ती बुडत नाही, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातून वळतं होतं. ‘बिलावर ठेव दिसतेय, तेवढी मला रोख द्या’ असं विकणारा म्हणेल. तुमच्या प्रकरणात ती ठेव त्याच्या नावावर नाहीच, तेव्हा देऊ नका.

नाव लगेच बदललं नाही तर काय बिघडतं, असं पुष्कळ लोक विचारतात. वीज चालूच राहते, हे खरं. पण ठेव तुमची होत नाही, लोड वाढवायचा तर जुन्या ग्राहकाची सही लागते, आणि उद्या पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सोलर बसवायचं ठरलं तर अर्ज बिलावरच्या नावानेच करावा लागतो. पहिला मालक मधल्या काळात वारला, तर तुम्हाला ओळखही नसलेले वारस या कागदांत येतात. तुम्हाला फ्लॅट विकणाऱ्याने हे काम टाळलं म्हणूनच आज ते तुमच्यापाशी आलंय.

मालाडच्या घराच्या बाबतीत याच गोष्टी तुम्ही दुसऱ्या बाजूने करायच्या आहेत, कारण तिथे ‘आधीचे मालक’ तुम्ही आहात. ताबा देण्याच्या दिवशी घेणाऱ्यासमोर मीटरचा फोटो काढा, त्या रीडिंगपर्यंतचं बिल भरा आणि घेणाऱ्याला संमतिपत्र द्या. ठेव त्याला वळती करायची की तुम्ही परत घ्यायची, हे त्या पत्रातच लिहा. तुम्ही कंपनी बदललेली आहे, तेव्हा आधीच्या कंपनीकडची जुनी ठेव परत मिळाली होती का, तेही कागद काढून बघा.

आता गॅस. इथे मात्र निवड आहे. इंडेन, भारत गॅस आणि एचपी गॅस तिन्ही नाशिकला आहेत. एकाच शहरात तिघांचा घरगुती सिलिंडरचा भाव सारखाच असतो, म्हणून कंपनी बघण्यापेक्षा वितरक बघा. नवीन सोसायटीतल्या चार घरांना विचारा: बुकिंगनंतर सिलिंडर किती दिवसांत येतो, वर आणून देतात का, वजन करून दाखवतात का? बहुतेकांचं बोट ज्या वितरकाकडे जाईल तो घ्या. पुढे पटलं नाही तर वितरक किंवा कंपनीही बदलता येते. पोर्टेबिलिटीची ती सोय 2014 च्या सुरुवातीपासून देशभर पसरली.

तुमचं कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते आता हयात नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मालाडच्या वितरकाकडेच ते तुमच्या किंवा तुमच्या यजमानांच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची ना-हरकत, केवायसी हे कागद तिथे सोपे जातात, कारण त्यांचं मूळ रेकॉर्ड तिथेच आहे. यजमानांच्या भावंडांच्या सह्या लागतील, त्या सामान बांधायला काढण्याच्या आधी घ्या. नाव झालं की सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. सगळे त्याला टीव्हीच म्हणतात. शहर बदलताना सिलिंडर सोबत न्यायचा नसतो. भरलेला सिलिंडर सामानाच्या ट्रकमध्ये चढवणं धोक्याचं आहे. पॅकर्सवाले ‘टाकून देतो’ म्हणाले तरी ऐकू नका. शेगडी तुमची, ती आणा. सुरक्षा होजवर तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर इथे नवीन घ्या.

पैशांचा हिशोब असा. टीव्हीवर परत मिळते ती जुन्या व्हाउचरवर लिहिलेली अनामत, म्हणजे त्या काळातली. इथे भरायची ती आजच्या दराने. 14.2 किलोच्या सिलिंडरची अनामत जून 2022 मध्ये 1450 वरून 2200 रुपये झाली आणि रेग्युलेटरची 150 वरून 250. सासऱ्यांचं कनेक्शन जुनं असल्याने फरक खिशातून जाणार, त्याची तयारी ठेवा. मोबाइल नंबर नवीन वितरकाकडे नक्की नोंदवा, कारण सिलिंडर देताना येणारा कोड त्याच नंबरवर येतो. मधले काही दिवस रिकामे जातील. त्यासाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर विकत मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

पाथर्डी फाट्याकडच्या तुमच्या इमारतीत पाइप गॅस आला असेल तर तो एमएनजीएलचा, म्हणजे महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचा असेल, आणि त्यात मात्र पुन्हा निवड नाही. तो घ्यावा का, हे स्वयंपाकघराच्या वापरावर आहे. हिशोबासाठी एक सिलिंडर म्हणजे साधारण 17 ते 18 घनमीटर पाइप गॅस धरा आणि त्या महिन्याच्या दोन्ही दरांनी तुलना करा. माझ्या घरी वयस्कर माणसं आहेत, सिलिंडर उचलायचा प्रश्न सुटला म्हणून मी घेतला. फक्त शेगडीचे जेट बदलून घ्यावे लागतात, ते त्यांच्या माणसाकडूनच. रीसेलच्या फ्लॅटमध्ये पाइप गॅसचं खातंही आधीच्या मालकाच्या नावावर असतं. त्याचंही शेवटचं बिल, रीडिंगचा फोटो आणि नावात बदल, सगळं विजेसारखंच.

तुमच्यासारखेच पण थोडे वेगळे प्रश्न असणाऱ्यांसाठी दोन ओळी. भाड्याने येत असाल तर बिलावर नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. करारात पहिल्या दिवसाचं रीडिंग लिहून घ्या आणि बिल तुम्ही ऑनलाइन भरून पावती जपा. नवीन इमारतीत बिल्डरकडून घेत असाल तर मीटर तुमच्या नावाने मंजूर झालंय की तुम्ही अजून बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर आहात, हे ताबा घेण्याआधी विचारा. कागद आणि पैसे पूर्ण असतील आणि लाइन टाकायची गरज नसेल, तर महापालिका हद्दीत नवीन जोडणी 7 दिवसांत मिळाली पाहिजे, अशी केंद्राच्या नियमांत 2024 मध्ये दुरुस्ती झालीय.

काम अडलं तर आधी 1912 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. मग महावितरणच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी द्या, त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर मुंबईचे विद्युत लोकपाल. बहुतेक प्रकरणं तक्रार लेखी झाली की पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच सुटतात. तोंडी सांगून परत आलात तर मात्र काहीच हलत नाही.

तुमच्या तीन आठवड्यांपैकी पहिल्या आठवड्यात मालाडच्या गॅसचं नाव आणि इथल्या ग्राहक क्रमांकावरची बाकी ही दोन कामं उरका. दुसऱ्यात एखादा शनिवार काढून नाशिकला या, मीटर पॅनेलची तपासणी करा, सेक्रेटरींना पीडीबद्दल विचारा आणि सोसायटीच्या कॉमन मीटरची बाकी आहे का तेही विचारा, कारण पंप आणि लिफ्ट त्यावर चालतात. खरेदीखताच्या मसुद्यात ‘ताब्याच्या तारखेपर्यंतची वीज व गॅसची सर्व देणी विकणाऱ्याची’ हे वाक्य वकिलांकडून घालून घ्या आणि शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम अंतिम बिल भरल्याची पावती येईपर्यंत राखून ठेवा. विकणारा सरळ माणूस असेल तर त्याला याचं काही वाटत नाही. तो नाही म्हणाला, तर खरेदीखताची तारीख पुढे ढकला आणि बाकीची बिलं पुन्हा एकदा नीट बघा. बिलाच्या फोटोवरचं काही कळलं नाही तर विचारा, फक्त ग्राहक क्रमांक झाकून टाका.